रविवार वेराचा असतो

१ डिसेंबर, रविवार

रत्नपाल म्हणतो, "अप्पा, रोज काहीतरी लिहीत जा, मन मोकळं होतं." माझं मन भरलंय असं त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. पण मुलगा मेलबर्नला राहतो, तिकडची माणसं मनाबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणतात, म्हणून आजपासून लिहितो. डायरी खताच्या दुकानदाराने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाखाली एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला: तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे दुर्लक्ष करू नका. माझ्याकडे तूर नाही, शेतही नाही. तरी लक्ष ठेवीन.

डायरीत स्वतःची ओळख द्यायची असते का, माहीत नाही. देऊन ठेवतो, हरवली तर सापडणाऱ्याला कळेल. मी प्रेमानंद खिल्लारे, राहणार हट्टा. वसमतच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे खिडकीत बसून भोंग्यावरून "हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे" असं सांगणारा माणूस. मी निवृत्त झालो तरी आवाज निवृत्त झाला नाही. मी चहा मागितला की शेजारच्या घरातही चहा टाकतात, असं शिला म्हणायची. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. हल्ली घरात मी बोलतच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची सोय झाली आहे.

४ डिसेंबर, बुधवार

दुपारी रत्नपालचा फोन. बुधवारी ऑफिसातून घरी निघाला की तो गाडीतूनच मला फोन करतो. आधी रविवारी करायचा. रविवार का बंद झाला ते आज कळलं, आणि कारण इतकं चांगलं निघालं की मला लाज वाटली. मी उगाच सुनेवर संशय घेत होतो.

त्याने एका परदेशी आजीला आधार दिलाय. तिकडे एक संस्था आहे, जगभरातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ती लांबच्या कुटुंबांशी जोडून देते. थोडी मदत पाठवायची असतेच, पण मुख्य काम सोबत करण्याचं. रत्नपालच्या वाट्याला आलेली आजी मोल्दोवा नावाच्या देशात राहते. मी भूगोलात पहिला यायचो, पण तेव्हा हा देश वेगळा झालेला नव्हता, त्यामुळे माझी चूक नाही. वेरा तिचं नाव. नवरा वारला, मुलं इटलीला कामाला गेली ती तिकडचीच झाली. दर रविवारी रत्नपाल, सूनबाई पुनम आणि माझी नात साक्षी, तिघं मिळून तिच्याशी तासभर व्हिडिओवर बोलतात. भाषांतर मोबाईलच करतो. काय जेवलीस, गुडघा कसा आहे, चुलीला लाकडं आहेत का, सगळं विचारतात.

काय काळीज असतं एकेकाचं! आई तिकडे एकटी आणि पोरं इटलीत. मी म्हणालो, "रत्नपाल, तू देवमाणूस आहेस." देव आपण मानत नाही, पण शब्द तोंडात आला. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि त्याने फोन ठेवला.

९ डिसेंबर, सोमवार

मुलगा जगाची सेवा करतो आणि बाप हट्ट्यात अळीवर लक्ष ठेवून बसलाय, हे बरं दिसत नाही. मीही एक म्हातारं माणूस शोधलं. रत्नपालकडून संस्थेचे नियम मागवून घेतले. ठरल्या वेळी जा. दया दाखवू नका. मोकळे प्रश्न विचारा. स्वतःचं रडगाणं गाऊ नका. आणि काही झालं तरी त्यांच्याकडून भेट म्हणून काही घेऊ नका. नियम वाचले आणि मला पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

निवड द्वारकाबाईंची केली. ऐंशीच्या आसपास वय, नजर अधू, मालक कधीच गेले. मुलगा सोमेश्वर पुण्यात कंपनीत आहे, शेत बटाईने दिलंय. चूल पेटली तर पेटली, नाहीतर शेंगदाणे खाऊन पाणी पितात असं गावात सगळे सांगतात. अडचण एकच होती. त्या वरच्या आळीतल्या, पाटलांच्या भावकीतल्या, आणि मी बौद्धवाड्यातला. आमच्या घरचा डबा त्या घेतील का? म्हणून मी अंघोळ करता करता एक भाषण तयार केलं. त्यात माणुसकी होती, संविधान होतं आणि शेवटी थोडा हुंदका होता.

डबा सोजराबाईंकडून घेतला. त्या आमच्याच गल्लीतल्या, शिला गेल्यापासून माझाही डबा त्याच करतात. आजपासून दोन करा म्हणालो तर म्हणाल्या, "दादा, तुमी सोता दुसऱ्याच्या हातचा डबा खाता, अन् वरून लोकायला डबे वाटता?" मी त्यांना समजावलं की याला समाजसेवा म्हणतात.

द्वारकाबाईंनी दार उघडलं, डबा घेतला, मी घसा साफ करेपर्यंत उघडून वरणात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. कोनी केलं?"

"सोजराबाईनं."

"तरीच," म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. भाषण तसंच राहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

आज मोकळे प्रश्न विचारले.

"माय, तुमचा छंद काय?"

"म्हंजी?"

"रिकाम्या वेळात काय करता?"

"रिकामा येळ तुला हाय, बाबा. मला कुठं हाय?" मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. सकाळी काय खाल्लंस, शर्टाचं बटन कोण लावतं, पोराचा फोन येतो का. मी नियमाप्रमाणे म्हणालो, तुमच्याबद्दल बोलू. त्या बराच वेळ माझ्या बटनाकडे पाहत होत्या. नजर अधू आहे असं मी समजत होतो.

त्यांनी डबा परत दिला तो जड लागला. उघडून पाहिलं तर आत चार लिंबं. मी नम्रपणे काढून त्यांच्या ओट्यावर ठेवली. म्हणालो, "हे आम्हाला चालत नाही." नोकरीत कधी कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही, तो मी आता लिंबं घेईन होय?

२४ डिसेंबर, मंगळवार

द्वारकाबाई ऐकत नाहीत. लिंबांनंतर ओला हरभरा, मग बोरं, काल ठेचा आणि त्यावर अर्धी भाकर. स्वतःला पुरत नाही आणि डबा भरून देतात. मी दर वेळी डबा तिथेच रिकामा करून परत आणतो. लाच देऊन माणूस वश करायची ही जुनी पाटीलकी सवय असावी, पण मी खंबीर आहे.

रत्नपालने फोटो पाठवला. साक्षीने वेराला लोकरीची टोपी पाठवली, तांबडी. वेरा ती घालून चुलीपाशी बसली आहे. छान टोपी आहे. मी तो फोटो बऱ्याचदा पाहिला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आमच्यात ती नाही, पण डब्यात आज तिळाचे लाडू निघाले. घट्ट वळलेले, गूळ थोडा करपलेला. द्वारकाबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजच्या दिशी तरी न्हाई म्हनू नको."

मी नियमाला जागलो. लाडू काढून त्यांच्या हातात ठेवले आणि नम्र पण ठाम आवाजात सांगितलं की तुमच्या घरचं मला घेता येणार नाही. आवाज जरा भोंग्यासारखा लागला बहुतेक, कारण शेजारची बाई बाहेर आली. द्वारकाबाई आत गेल्या आणि दार लावलं.

१८ जानेवारी, शनिवार

सलग तिसरा डबा तसाच परत. ओट्यावर ठेवलेला, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. हाक मारली तर आतून "ने वापस" एवढंच.

शेवटी जात आडवी आली. महिनाभर गोड बोलून खाल्लं, आणि संक्रांतीला भावकीतलं कोणीतरी कान भरून गेलं असणार. मी आरशासमोर उभा राहून ते पहिल्या दिवशीचं भाषण पूर्ण म्हटलं. फार प्रभावी झालं. हुंदक्याच्या जागी खरंच हुंदका आला. मग तो परत आलेला डबा मीच खाल्ला, वरणात मीठ कमी होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी सोजराबाई म्हणाल्या, "दादा, त्या म्हातारीची चूल परवापासून पेटली न्हाई. ताप हाय म्हन्तेत. तुमी भाषण करून राहिले अन् ती तिकडं मरून राहिली."

धावलो. द्वारकाबाई गोधडीत मुटकुळं करून पडल्या होत्या, हात लावला तर चटका बसावा. मी म्हणालो, "माय, उठा, रिक्षा आणतो, दवाखान्यात जाऊ. त्याआधी दोन घास वरणभात खा."

"तुह्या घरचं मी खात न्हाई."

आता मात्र माझा तोल गेला. म्हणालो, "मरायची वेळ आली तरी जात सुटत नाही का, माय?"

त्या उठून बसल्या. तापाने डोळे लाल झालेले. म्हणाल्या, "मी खाल्लं न्हाई का तुह्या घरचं? चाटून पुसून खाल्लं. माह्या घरचं काहून वापस करून राहिला तू? मला ठाऊक हाय काहून. तुही माय आमच्या वाड्यावर कामाला यायची. माही सासू तिला वरून पानी वाढायची, वंजळीत. मी नवी नवरी व्हते, मी पाह्यलं, तोंड उघडलं न्हाई. त्याचा राग धरला नं तू? धर. बराबर हाय तुहा राग. पन मंग मी तरी तुह्या डब्यातलं कोन्या तोंडानं खाऊ?"

मी तिथेच खाली बसलो. म्हणालो, "माय, राग नाही हो. तो ऑस्ट्रेलियाचा नियम आहे."

"ऑस्ट्रेलियात भांडं रिकामं वापस देतेत?"

"माहीत नाही."

"मंग इचार. अन् आधी हे खा." उशाखालच्या फडक्यातून त्यांनी लाडू काढला. तोच, संक्रांतीचा. मी खाल्ला नाही तर त्या दवाखान्यात येणार नव्हत्या, हे स्पष्ट होतं. लाडू दगड झाला होता. पहिल्याच घासाला माझ्या दाढेवर बसवलेली टोपी निघाली. ती खिशात ठेवून मी उरलेला लाडू दुसऱ्या बाजूने चावला. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मी गिळल्यावर डब्याला हात लावला. मग रिक्षा, दवाखाना, सलाईन. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

घरी आल्यावर मला माझी आई दिसत राहिली. वाड्याच्या पायरीखाली वाकून, दोन्ही हातांची ओंजळ धरलेली. मीही तेव्हा तिच्या पदराला धरून उभा असे. त्या गोष्टीचा मला राग नाही असं मी आयुष्यभर समजत आलो. आज संध्याकाळी बसून रडलो तेव्हा कळलं की होता. आणि द्वारकाबाईंनी तो माझ्याआधी ओळखला होता.

२७ जानेवारी, सोमवार

द्वारकाबाई हिंडू फिरू लागल्या. व्यवस्था बदलली आहे. सकाळचा डबा मी नेतो, संध्याकाळी भाकरी त्यांच्याकडे. भेट न घेण्याचा नियम मी रद्द केला, तसं मेलबर्नला कळवलेलं नाही. चुलीसमोर बसून गरम भाकरी खाताना मी काल तिसरी मागितली. "किती दिसाचा उपाशी हायेस?" म्हणाल्या. मी म्हणालो, समाजसेवेत भूक लागते. शर्टाचं बटनही त्यांनी लावून दिलं, एका बाजूला जरा वर गेलंय.

३० जानेवारी, गुरुवार

गुरुवार असून रत्नपालचा फोन. तो रडत होता. वेरा वारली. थंडीत छातीत कफ झाला, शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा मुलगा इटलीहून निघाला, पण पोचला नाही, माती देताना व्हिडिओवर पाहिलं त्याने.

"अप्पा, तिच्याजवळ कोणी नव्हतं हो," असं सारखं म्हणत होता. शिला गेली तेव्हाही तो इतका रडला होता का, मला आठवेना. तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती, आणि फोनवर माणूस किती रडतोय ते नीट कळत नाही. मी त्याची समजूत काढली. म्हणालो, "रडू नको बाळा, तू तिच्यासाठी केलंस तेवढं पोटच्या पोरांनी केलं नाही." त्यावर तो जास्तच रडला. मी बहुतेक चुकीच्या ठिकाणी सांत्वन केलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज फोनमध्ये गाडीचा आवाज नव्हता. बाजूला थांबवली म्हणाला.

"अप्पा, संस्था दुसरी आजी देतेय. पण पुनम म्हणते, आपल्याच गावचं कोणी का नको? हट्ट्यात असं आहे का कोणी? एकटं राहणारं, मुलं लांब गेलेली, आणि स्वतःहून कधी काही न मागणारं. रविवारची वेळ रिकामी ठेवायला नको वाटतं."

मी म्हणालो, बघून सांगतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी भाकरी खाताना द्वारकाबाईंना आनंदाची बातमी दिली. ऑस्ट्रेलियातलं एक कुटुंब दर रविवारी तुमच्याशी तासभर बोलेल, मी तुमचं नाव देतोय.

त्यांनी हातातली भाकरी तव्यात आपटली. "माहं नाव? माहं कोनी न्हाई म्हनून? सोमेश्वर मेला का माहा? कंपनीतून आला की रोज फोन करतो तो, लाईट असो नसो. माह्या पोराचं नाक कापतो का तू?"

"तसं नाही, माय..."

"तुह्या पोराचा फोन कवा येतो?"

"बुधवारी."

"अन् बोलतो किती?"

मी सांगितलं की त्याला काम फार असतं, रहदारी फार असते, सिग्नल फार लवकर सुटतात.

"मंग तुहंच नाव दे की," म्हणाल्या आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

मी ताटावरून उठलो. अन्नाचा अपमान झाला, होऊ दे. मी मदत देणारा आहे, घेणारा नाही, एवढं या बाईला कळू नये?

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस गेलो नाही. मला काय कमी आहे? स्लॅबचं घर आहे. पेन्शन आहे. फ्रिज आहे, त्यात पाण्याची बाटली आणि डोळ्यांत घालायचं औषध आहे. रक्तदाबाच्या गोळ्या वेळच्या वेळी घेतो. एकटा राहतो हे खरं, पण एकटा आणि एकटा पडलेला यात फरक आहे. तो काय ते मी दुपारपासून लिहायचा प्रयत्न करतोय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लिहूनच टाकतो. मला रत्नपालचा राग येतो. मला वेराचाही राग यायचा, त्या बिचाऱ्या मेलेल्या बाईचा. रविवारी दुपारी मी घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, आता तिचा गुडघा विचारत असतील. माझाही गुडघा दुखतो. ती तांबडी टोपी मला नको होती, लोकरीने माझं डोकं खाजतं. तरी ती मला हवी होती. सहासष्टाव्या वर्षी माणूस टोपीवरून रुसतो आणि त्याला समाजसेवा म्हणतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी द्वारकाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी चहा दिला. मीच म्हणालो, "माय, इथूनच फोन लावतो. घरून लावला तर मी पळ काढीन."

तिकडे दुपार होती. रत्नपालने लगेच उचलला. म्हणाला, "सापडलं का कोणी, अप्पा?"

"सापडलं. लिहून घे," मी म्हणालो. आवाज बसका निघेल असं वाटलं होतं, पण सवयीने भोंग्याचाच लागला, समोरून जाणारी म्हैस थांबली. "खिल्लारे, प्रेमानंद. राहणार हट्टा, तालुका वसमत. बायको वारली. मुलगा एकच, परदेशात. गुडघा दुखतो."

तो हसला. मग हसायचा थांबला.

थट्टा केली रे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. द्वारकाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणालो नाही. फोन चालूच होता. मागे साक्षीचा आवाज आला, काय झालं पप्पा, म्हणून.

"अप्पा," रत्नपाल म्हणाला, आवाज फुटलेला, "कॅमेरा चालू करा."

"दाढी केली नाही रे आज."

"चालू करा, अप्पा."

मला बटन सापडेना. सापडलं तेव्हा पडद्यावर तिघंही एकमेकांना चिकटून बसलेली, रत्नपालच्या कानाजवळ केस पांढरे झालेले. कधी झाले, मला माहीतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे चष्मा काढला आणि मग काहीच दिसेना, म्हणून परत घातला.

"दिसून राहिलं का पोरगं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"व्हय, माय," मी म्हणालो. "दिसून राहिलं."